रूळ कोणी वाजवला

भंगाराच्या त्या आवारात, गॅसच्या टाक्या ठेवायच्या शेडच्या तुळईला, रेल्वेच्या रुळाचा एक हातभर तुकडा साखळीने टांगलेला होता. जेवणाची किंवा काम सुटायची वेळ झाली की त्याच्यावर पाना हाणायचा, ही त्याची जुनी नोकरी. नवी नोकरी त्याला गेल्या हिवाळ्यात लागली. साध्या कपड्यातली दोन माणसं तेव्हा आवारात शिरली, आम्ही पोलीस म्हणाली आणि क्रेन चालवणाऱ्या पोरग्याला चौकशीच्या नावाखाली गाडीत घालून घेऊन गेली. भर दुपारी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. पोलीस म्हटल्यावर कोण मध्ये पडतंय? सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि आपापलं लोखंड उचललं. तो पोरगा मग नाल्याच्या काठी सापडला, दोन्ही गुडघ्यांचा भुगा झालेला. पोलीस-बिलीस कोणी नव्हतं. एका मुलीवरून त्याचं कुणाशी तरी बिनसलं होतं आणि तिच्या भावांनी भाडोत्री माणसं धाडली होती.

त्या पोरग्याचा थोरला भाऊ आवारातच वजनकाट्यावर बसायचा. त्याला सगळे काटेवाला म्हणत. धाकट्याला पाठीवर घेऊन संडासला न्यायची वेळ त्याच्यावर आली तेव्हापासून त्याच्या डोळ्यांत काहीतरी फिरलं होतं. माल घेऊन येणाऱ्या अनोळखी ड्रायव्हरकडेसुद्धा तो असा बघायचा की ड्रायव्हर काचा वर करून घ्यायचे. त्याचं मन राखायला म्हणा की सगळ्यांचीच लाज झाकायला म्हणा, आवारात एक नियम झाला. कुणी आपला माणूस उचलायला लागलं तर रूळ न थांबता बडवायचा, आणि ज्याच्या हातात जे असेल ते घेऊन धावत सुटायचं. विचारपूस नंतर.

ही कल्पना कटरची. कटर म्हणजे गॅसच्या ज्योतीने लोखंड कापणारा. बस असो, बॉयलर असो की जुना पूल, त्याच्यासमोर आला की संध्याकाळपर्यंत त्याच्या फोडी झालेल्या असायच्या. माणूस शांत, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला. म्हणूनच त्याने नियम सुचवल्यावर सगळ्यांनी मान डोलावली. त्याने तो कशासाठी सुचवला हे मात्र फक्त त्यालाच माहीत होतं. काटेवाल्याच्या भावाचं दुःख त्याला होतंच, खोटं कशाला बोला. पण रात्री डोळे मिटले की त्याला दिसायची ती गाडी आपल्यासाठी आलेली दिसायची.

कारण कटरवर दुसऱ्या राज्यातलं वॉरंट होतं.

तिकडे तो तरुणपणी साबणाच्या कारखान्यात होता. तिथला एक मुकादम बायकांच्या अंगाला हात लावायचा. एका संध्याकाळी कामगारांनी त्याला गोदामात गाठून तुडवला. कटरने त्याला मारलं नाही, त्याचे हात मागून धरून ठेवले, बाकीच्यांनी मारलं. मुकादमाचा एक कान गेला. आता, धरणारा आणि मारणारा यात फरक काय, असं कोर्टाने विचारलं असतं तर कटरकडे उत्तर नसतं. जामीन मिळाला, दोन तारखा त्याने केल्या, तिसऱ्या तारखेच्या आदल्या दिवशी कुणीतरी म्हणालं की सात वर्षं जाणार, आणि गड्याने धूम ठोकली. राज्याची हद्द ओलांडली की कायदा मागे राहतो अशी त्याची भाबडी समजूत.

इकडे त्याचं बस्तान बसलं, लग्न झालं, मुलगी झाली, ती शाळेत जायला लागली. बायकोला त्याने लग्नानंतर सगळं सांगितलं होतं. तिने त्याला ओढत एका वकिलाकडे नेलं. वकील म्हणाला, "आपल्या पायांनी जा, कोर्टासमोर उभा राहा, वॉरंट रद्द करून घे. स्वतःहून आलेला माणूस वेगळा आणि धरून आणलेला वेगळा. आणि बाहेरच्या राज्याचे पोलीस आलेच, तर आधी विचार की इथल्या ठाण्यात नोंद केली का. तसा नियम आहे." बायकोने त्याची पिशवी भरून ठेवली. मग मुलीला गोवर आला. मग आवारात मोठा माल आला. मग पाऊसपाणी. पिशवीतले कपडे एकेक करून परत दांडीवर आले. भिणाऱ्या माणसाला निमित्तं कधी कमी पडत नाहीत.

तर त्या दिवशी जेवणं नुकतीच झाली होती. कटर एका जुन्या बसच्या सांगाड्यावर वाकला होता आणि बायको पलीकडच्या निवडणीच्या शेडमध्ये बायकांबरोबर तांब्याच्या तारा सोलत बसली होती. दोन माणसं फाटकावर आली, जुना बॉयलर विकायचाय म्हणाली आणि सरळ त्याच्याकडे चालत आली. एक पोट सुटलेला, पिकल्या मिशांचा. दुसरा नुकतंच मिसरूड फुटलेला, उंच, कपाळावर घाम.

तो पोरगेला ज्योतीकडे बघतच राहिला. "एवढं जाड लोखंड असं लोण्यासारखं कापलं जातं होय?" तो म्हणाला. बोलण्याची ढब तिकडची होती. कटरने ती इतक्या वर्षांनी ऐकली आणि कापणं थांबवलं.

पिकल्या मिशांचा जवळ आला आणि हळूच म्हणाला, "साबणाचा कारखाना आठवतो का रे?"

कटरने चष्मा वर केला. भाडोत्री गुंडाला साबणाचा कारखाना ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. हे खरे पोलीस होते. तिकडचे. याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका राहिली नाही, आणि पुढचं सगळं ऐकताना एवढं लक्षात ठेवायला हवं.

"मी जमादार," मिशीवाला म्हणाला. "हा आमचा शिपाई. गडबड करू नकोस. गाडी बाहेर आहे."

"काय होणार माझं?"

"तिकडे गेल्यावर कळेल."

"साहेब, किती वर्षं? एवढं तरी सांगा. मला लहान मुलगी आहे."

जमादार काही बोलला नाही. बोलायचंच नसतं, ही त्याची आयुष्यभराची रीत. कागदात काय आहे ते आरोपीला सांगायचं नाही. घाबरलेला माणूस मुकाट चालतो, धीर आलेला माणूस वाद घालतो. हे त्याने पुढे दवाखान्यात स्वतःच्या तोंडाने सांगितलं.

"इथल्या ठाण्यात नोंद केलीत का?" कटरने विचारलं.

पोरगेल्या शिपायाने जमादाराकडे पाहिलं. जमादाराने त्याच्याकडे पाहिलं नाही. नोंद केली नव्हती. मागे एकदा दुसऱ्या गावी त्याने नियमाने नोंद केली होती, आणि ठाण्यातला चहा येईपर्यंत आरोपीला कुणीतरी वर्दी दिली होती. तेव्हापासून आधी माणूस, मग नोंद, असा त्याचा हिशेब.

"तू मला कायदा शिकवू नकोस," तो म्हणाला आणि खिशातून बेडी काढली.

बेडी पाहिली आणि कटरच्या डोक्यात एकच गोष्ट उरली. मुलगी शाळेतून घरी येईल आणि मी नसेन. सात वर्षं नसेन. ती ओळखणार नाही मला.

"गॅस तेवढा बंद करतो," तो म्हणाला. "नळी फुटली तर आपण तिघंही जाऊ."

जमादाराने मान हलवली. कामातला माणूस, कामाची गोष्ट बोलला, त्यात संशय कसला? कटर शेडकडे गेला. शिपाई मागोमाग होता. कटरने दोन्ही टाक्यांच्या चाव्या फिरवल्या, टाकीवरचा लांब पाना उचलला आणि वर टांगलेल्या रुळावर घातला. मग पुन्हा. मग पुन्हा. शिपायाला वाटलं असेल की कामाची काही पद्धत असेल. त्याने अडवलंसुद्धा नाही.

कटरच्या मनात काय होतं? एवढंच की माणसं जमतील, आरडाओरडा होईल, हे दोघं घाबरून पळतील आणि आपण मागच्या भिंतीच्या भगदाडातून बायकोपोरीला घेऊन निघून जाऊ. मारामारी होईल हे त्याच्या मनात नव्हतं असं तो पुढे स्वतःला सांगत राहिला. पण नियम त्यानेच केला होता, आणि नियमात ओरडायचं असं कुठेही म्हटलेलं नव्हतं.

सगळ्यांत आधी काटेवाला आला. त्याच्या हातात पाण्याच्या नळाचा तुकडा होता आणि तो येताना ओरडला नाही, काही विचारलं नाही. त्याने तो शिपायाच्या खांद्यावर घातला. शिपाई वाकला, हात वर करून म्हणाला, "पोलीस, आम्ही पोलीस," आणि हा एकच शब्द त्याने बोलायला नको होता.

"तेव्हाचे पण पोलीसच होते," काटेवाला म्हणाला आणि दुसरा फटका त्याच्या तोंडावर बसला.

मग सगळं आवारच लोटलं. सळ्या, साखळ्या, ट्रकचा जॅक, कुणाच्या हातात गाडीचा तुटका दरवाजा. जमादाराने पळायचा प्रयत्न केला, तर कुणीतरी त्याच्या पायात साखळी फेकली. तो तोंडावर पडला आणि त्याच्या पोटात लाथा बसू लागल्या. त्याने ओळखपत्र काढून वर धरलं. ते कुणीतरी हिसकावलं आणि तेलाच्या डबक्यात भिरकावलं. "असली कार्डं कुठल्याही कोपऱ्यावर छापून मिळतात," एक जण म्हणाला, आणि बाकीचे हसले. मारणारी माणसं मध्येच अशी हसतात, ते ऐकवत नाही. ही सगळी घरी गेल्यावर मुलांना खांद्यावर घेणारी माणसं होती. त्या हिवाळ्यात खाली घातलेल्या माना आता त्यांना एका दिवसात वर करायच्या होत्या.

कटर मागे मागे सरकत भिंतीच्या भगदाडापाशी पोचला होता. तिथे बायको त्याला आडवी आली. तिच्या हातात तार सोलायची सुरी तशीच होती.

"कोण आहेत ते?"

"चल. मुलीला शाळेतूनच घेऊ."

"अहो, कोण आहेत ते?"

"पोलीस."

"खरे?"

त्याने भगदाडाकडे पाहिलं. तिला उत्तराची गरज राहिली नाही. तिचा चेहरा उतरला.

"तिकडचे," ती म्हणाली. "तुमच्यासाठी आलेले. आणि तुम्ही रूळ वाजवलात."

"ऐक. ते मला सात वर्षं..."

"ते मरतायत तिकडे," ती म्हणाली. "त्या पोराकडे बघा. बघा म्हणते ना."

त्याने बघितलं. शिपाई गुडघ्यांवर होता. दोघांनी त्याचे हात मागे धरले होते आणि काटेवाला समोर उभा राहून, दमलेल्या माणसासारखा, सावकाश मारत होता. धरणाऱ्यांपैकी एक जण कटरच्याच वयाचा होता आणि त्याने मान दुसरीकडे वळवली होती. कटरलाही मुकादमाचे हात धरताना अशीच मान वळवल्याचं आठवलं.

"मी ऑफिसातून फोन लावते," बायको म्हणाली. "इथल्या ठाण्याला. तुम्ही त्यांना थांबवा. नाही थांबवलंत तर माझ्या घरात पाऊल टाकू नका."

भगदाड हाताच्या अंतरावर होतं. पलीकडे रस्ता, रस्त्यावर रिक्षा. तो उलटा फिरला आणि गर्दीत शिरला.

"थांबा," तो ओरडला. "खरे पोलीस आहेत. मला न्यायला आलेत. माझ्यावर वॉरंट आहे."

कुणाला ऐकू गेलं, कुणाला नाही. ज्यांना गेलं त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. काटेवाल्याने नळ खाली न करताच मान वळवली. त्याचा शर्ट रक्ताने भरला होता आणि डोळ्यांत पाणी होतं.

"घाबरू नकोस," तो कटरला म्हणाला, अगदी प्रेमाने. "तुला धमकावलंय त्यांनी. माझ्या भावालाही असंच बोलायला लावलं होतं. तू बाजूला हो, मी बघतो."

"अरे, मी तिकडे मारामारीत होतो. जामिनावरून पळालोय. आईशप्पथ."

"तू? मारामारी?" काटेवाला हसला. बरोबरच होतं त्याचं. इतकी वर्षं कटरने आपल्या चांगुलपणाची इतकी पक्की भिंत बांधली होती की आता त्याला स्वतःलाच ती फोडता येईना.

काटेवाल्याने नळ दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला. शिपायाची मान छातीवर पडली होती. हा फटका बसला तर पुढचा मारायची गरज उरली नसती. कटरने हातात अजून तसाच असलेला पाना फिरवला आणि काटेवाल्याच्या कोपरावर घातला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. नळ खाली पडला आणि काटेवाला आपल्या लोंबत्या हाताकडे बघत बसकण मारून खाली बसला. तो ओरडलासुद्धा नाही. त्याला कळतच नव्हतं की हे केलं कोणी.

धरणाऱ्या दोघांनी हात सोडले. शिपाई पुढे कोसळला.

पण गर्दीला तोंडं असतात अनेक आणि कान एकही नसतो. पलीकडे सहा-सात जणांनी जमादाराला हातापायांना धरून उचललं होतं आणि गाड्या दाबायच्या प्रेसकडे चालवलं होतं. "चालू कर रे प्रेस," कुणीतरी ओरडलं. मोटर घरघरली. हे खरंच त्याला आत टाकणार होते की नुसतं घाबरवणार होते, हे त्यांनाही माहीत नसावं. अशा वेळी आधी हात करतात आणि मागून माणसाला कळतं.

कटर शेडकडे धावला. त्याने टाक्या उघडल्या, कापायची टॉर्च उचलली, लायटर ओढला. निळी ज्योत फुसकन पेटली. नळी ओढत तो प्रेसच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला आणि ज्योत त्याने समोर धरली, छातीच्या उंचीवर.

"याला खाली ठेवा," तो म्हणाला. "जो पुढे येईल त्याला कापीन. मला कापता येतं."

पुढचा माणूस थांबला नाही. नेहमी त्याच्याशी डबा वाटून खाणारा प्रेसवरचाच गडी होता तो, आणि कटर आपल्याला काही करेल हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. कटरने ज्योत त्याच्या बाहीवरून फिरवली. बाही पेटली, कातडी करपल्याचा वास सुटला, आणि तो गडी किंचाळत मातीत लोळायला लागला. जमादार धपकन खाली पडला. कुणीतरी मोटर बंद केली. आवारात पहिल्यांदाच शांतता झाली आणि त्या शांततेत शिपायाच्या घशातली घरघर ऐकू येऊ लागली.

कुणी कटरकडे बघत होतं, कुणी आपल्या हातातल्या सळीकडे. जमादार रांगत शिपायापाशी गेला, त्याचं डोकं मांडीवर घेतलं, आणि त्याच्या नाकातोंडातलं रक्त आपल्या बाहीने पुसत राहिला. रक्त काही पुसलं जाईना. कटर ज्योत विझवायचं विसरून तसाच उभा होता. आपण आत्ता कुणाला वाचवलं आणि कुणाला मारलं, याचा त्याला मेळ लागत नव्हता.

इथल्या ठाण्याची गाडी आली तेव्हा सळ्या टाकून बरीच माणसं पसार झाली होती. कटर जमादारापुढे जाऊन बसला आणि त्याने हात पुढे केले. जमादाराने चाचपडत बेडी काढली. त्याला ती लावता येईना, कटरलाच ती लावून घ्यावी लागली.

सरकारी दवाखान्यात जागा नेहमीसारखीच तोकडी. जमादार एका खाटेवर, बरगड्या आवळून बांधलेल्या. शेजारच्या खाटेवर काटेवाला, हात फळीला बांधलेला, खिडकीशी एक हवालदार. शिपाई आतल्या खोलीत होता. कटरला जमादाराच्या खाटेच्या दांडीला बेडीने अडकवलं होतं आणि बायको दारातल्या बाकावर बसली होती. मुलीला तिने शेजारणीकडे धाडलं होतं.

मग जमादारच बोलला, छताकडे बघत.

"त्या मुकादमाने केव्हाच लिहून दिलं. तडजोड झाली. तुझ्याबरोबरचे सगळे सुटले, बसलेत आपापल्या घरी."

कटरला नीट कळलं नाही. "म्हणजे?"

"म्हणजे केसमध्ये काही उरलेलं नाही. तू तारखेला आला नाहीस म्हणून तुझ्या एकट्याचं वॉरंट लटकलं होतं. जुने कागद निकाली काढा म्हणून वरून हुकूम आला, म्हणून आम्ही आलो. न्यायाधीश चार शब्द बोलला असता, दंड केला असता. आठवड्याच्या आत परत आला असतास."

बाकावर बायकोने पदर तोंडात कोंबला.

"मी विचारलं होतं," कटर म्हणाला. "साहेब, मी तुम्हाला विचारलं होतं, काय होणार म्हणून. हे तेव्हा का नाही सांगितलंत?"

"आम्ही कुणालाच सांगत नाही," जमादार म्हणाला. मग त्याने आपली रीत सांगितली, घाबरलेल्या माणसाची आणि मुकाट चालण्याची, आणि नोंदीचीही. बोलता बोलता तो म्हातारा हुंदके देऊन रडायला लागला. बरगड्यांमुळे त्याला धड रडताही येत नव्हतं. "पोरगा म्हणत होता, आधी ठाण्यात जाऊ या. मीच म्हटलं, गप चल."

कटरला त्याचा गळा धरावासा वाटला, आणि त्याच क्षणी त्याच्या पायाशी लोळण घ्यावीशीही वाटली. दांडीला बांधलेला होता म्हणून दोन्ही राहिलं.

आतल्या खोलीचं दार उघडलं. डॉक्टरीण बाहेर आली, हातमोजे काढत. तिने जमादाराकडे पाहून नुसती मान हलवली आणि पुढच्या पेशंटकडे गेली. तिला आणखी काय करता येण्यासारखं होतं?

मग इथल्या ठाण्याचा फौजदार खुर्ची ओढून मध्ये बसला. आता खुनाचा गुन्हा होता. सगळ्यांची जबानी त्याने घ्यायला सुरुवात केली. मारलं कोणी हे काटेवाल्याने विचारायच्या आधीच सांगून टाकलं. "मी मारलं. पहिला फटका माझा, शेवटचाही माझाच. ते खोटे पोलीस वाटले मला."

"आणि तो रूळ कोणी वाजवला?"

"तोही मीच," काटेवाला म्हणाला.

कटरने चमकून पाहिलं. काटेवाल्याने त्याला डोळ्यांनी दटावलं, गप बस म्हणून. त्याचा स्वतःचा हात या माणसाने मोडला होता, आणि तरी तो त्याला मागे ढकलत होता. "याचा यात काही संबंध नाही, साहेब," तो फौजदाराला म्हणाला. "याला ते उचलत होते. हा बिचारा भेदरलेला. उलट यानेच आम्हाला थांबवलं. माझ्या भावाला असंच नेलं होतं, मला वाटलं, यालाही नेणार. आपल्या माणसासाठी करतोच ना आपण? म्हणून मीच वाजवला."

फौजदाराने जमादाराला विचारलं, "खरं आहे का? तुम्ही काय पाहिलं?"

जमादाराचं लक्ष आतल्या खोलीच्या दाराकडे होतं. "मी बसपाशी होतो," तो म्हणाला. "टाक्यांपाशी पोरगा होता."

म्हणजे पाहणारा एकच होता आणि तो आता बोलणार नव्हता. कटरला हे लख्ख कळलं. तोंड मिटून बसलं की झालं. वॉरंटमध्ये दम नव्हता, रूळ दुसऱ्याच्या नावावर लागत होता, शिवाय पोलिसाला वाचवणारा म्हणून पाठीवर थापही पडली असती. मुलगी घरी होती. त्याने बाकाकडे पाहिलं. बायको त्याच्याचकडे बघत होती. तिच्या नजरेत बोला असंही नव्हतं आणि गप राहा असंही नव्हतं. ती नुसती वाट बघत होती.

"साहेब, रूळ मी वाजवला," कटर म्हणाला.

"डोकं फिरलंय त्याचं," काटेवाला घाईघाईने म्हणाला. "आणि वाजवला असेल तरी काय? त्याला काय माहीत ते खरे पोलीस आहेत?"

फौजदाराने कटरकडे रोखून पाहिलं. "तुला माहीत होतं?"

नाही म्हणायला एकच शब्द लागत होता.

"होतं," तो म्हणाला. "पहिल्यापासून. त्यांनी कारखान्याचं नाव काढलं तेव्हाच कळलं. माहीत असताना वाजवला."

फौजदार लिहायचा थांबला. बायकोने डोळे मिटले. आणि काटेवाला फळीला बांधलेल्या हातासकट हळूहळू उठून बसला. इतका वेळ त्याच्या चेहऱ्यावर जे होतं, भावासाठी केलं, मित्रासाठी केलं, ते एकेक करून गळून पडताना कटर बघत राहिला. आतल्या खोलीतल्या पोराकडे आता काटेवाल्याला पहिल्यांदाच माणूस म्हणून बघावं लागत होतं.

"माझ्या हातून करवलंस," तो म्हणाला.